पुढच्या दारानं

हेब्बाळ, २ ऑगस्ट २०२५

ती. सोयरक्कास,

मधूचा नमस्कार. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण परवा आपण दोघं फोनवर जे ओरडलो ते ऐकून सौम्या स्वयंपाकघरातून धावत आली आणि विचारू लागली, मामंजी, भांडण झालं का. तुला ऐकू येत नाही, मला कमी येतं. अशा दोघांनी लिहावं हेच बरं. लिहिलेलं ऐकू आलं नाही, असं तुला म्हणता येणार नाही.

मुद्द्याचं सांगतो. आमचा गिरीराज गेल्या रविवारी चामराजपेटेत तुझ्याकडे येऊन गेला आणि मोबाइलवर आपल्या कोपऱ्याचा फोटो घेऊन आला. मी जेवायला बसलो होतो. मार्केटमधून आलेले सडके केळीचे खुंट, कोंबडीची पिसं, पोरांचे डायपर आणि त्या सगळ्यावर एक घूस, रस्त्याकडे पाठ करून निवांत बसलेली. गिरी म्हणाला, माणसं गेली तरी ती हलत नाही. मला शिसारी आली. ताट बाजूला सारलं आणि ठरवलं, आता अक्काला तिथं ठेवायचं नाही.

व्यंकोजी भावजी गेल्यावर तू माहेरी आलीस, आणि आता माहेर म्हणायला तिथं तूच उरलीस. खाली नागराजचा बाइंडिंगचा कारखाना, वर तू एकटी. कशासाठी? इथं गिरीच्या मुलीची, हर्षिताची खोली रिकामी आहे, ती शिकायला बाहेर गेली. चौदाव्या मजल्यावर डास येत नाहीत. मी सकाळी तळ्याच्या काठानं फिरतो, बाकावर बसतो, पाणी बघतो. रक्त तपासायलासुद्धा माणूस घरी येतो. नागराज वरचा मजलाही भाड्यानं मागतोय, त्याला दसऱ्यापर्यंत उत्तर द्यायचं आहे. म्हणून तूही दसऱ्यापर्यंत सांग.

माणसानं राहू नये अशी जागा कुठली, असं कुणी विचारलं तर मी आपल्या कोपऱ्याचं नाव सांगेन. जन्मलो तिथंच, तरी सांगेन.

तुझा,
मधू


चामराजपेट, ९ ऑगस्ट

चि. मधूस आशीर्वाद.

घूस बघून ताट सारलंस. मी ती रोज बघते आणि दोन वेळा जेवते. आता कोण शहाणं ते तूच ठरव.

ढीग घाण आहे, हे मला तू सांगायला नको. त्या वासानं मी उंबऱ्यावर नाकाला पदर लावूनच उतरते. पण त्या ढिगात माझाही हात आहे, ते गिरीनं सांगितलं नसेल, कारण मी त्याला सांगितलं नाही. झालं असं. पालिकेच्या बायका येऊन तिथं झाडून रांगोळी घालून गेल्या, लोक लाजतील म्हणून. लोक रांगोळीवर पिशव्या टाकून गेले. मग मला वाटलं, देवाला तरी भितील. आपल्या अप्पांच्या खोलीतली व्यंकटरमणाची जुनी तसबीर होती ना, काच तडकलेली, ती मी भिंतीला टेकवून ठेवली, वर हळदकुंकू लावलं. दोन दिवस कुणी काही टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर व्यंकटरमणाच्या शेजारी लक्ष्मी. दुसऱ्या दिवशी गणपती. आपल्या लोकांची खोड तुला ठाऊक आहेच, फुटका देव कचऱ्यात टाकवत नाही म्हणून आणून अश्वत्थाच्या कट्ट्याखाली ठेवतात. त्यांना वाटलं, सोयराबाईनं इथं नवा कट्टा उघडला.

आता देव येतात, देवांबरोबर कुजके हार येतात, नासके नारळ येतात, आणि त्यांच्या आडून बाकीचे पुन्हा कचरा टाकतात. कचऱ्याची ऑटो येते, तो माणूस बघतो आणि म्हणतो, ‘अक्का, देवरु इद्दारे, नान् मुट्टल्ल.’ देव आहेत, मी हात लावणार नाही. म्हणून कुणीच काही उचलत नाही. एवढी किळस मला कधी स्वतःची आली नव्हती.

पण आता तुझ्या स्वर्गाचं. मी मागं आले तेव्हा सौम्यानंच सांगितलं होतं, तुमच्या इमारतीचं सांडपाणी तळघरात गाळतात आणि तेच परत संडासात सोडतात. आपलंच धुऊन आपल्याला. त्या दिवशी बटण दाबलं आणि जो पिवळा भपकारा आला, तो घरी पोचेपर्यंत नाकातून गेला नाही. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असली ही तऱ्हा.

आणखी एक. आषाढात अंबूच्या वर्षश्राद्धाला श्रीरंगपट्टणाला गिरी एकटाच आला. गुडघे दुखतात म्हणून तू आला नाहीस. तळ्याला रोज फेरी मारणारे गुडघे बायकोच्या श्राद्धाला गाडीत बसून येऊ शकले नाहीत?

सोयरक्का


हेब्बाळ, १८ ऑगस्ट

ती. सोयरक्कास,

गुडघ्यांचं असं आहे की सपाटीवर चालवतं, बसून आखडतात. डॉक्टरनंच सांगितलं आहे. अंबूवरून मला टोचू नकोस.

देवांचं वाचून आधी हसलो, मग हसू आलं नाही. म्हणजे तूच कबूल करतेस. जिथं देवसुद्धा कचरा होतो ती जागा राहायला कशी योग्य? आणि पाण्याचं म्हणशील तर ते शास्त्रीय आहे. टँकरचं पाणी विकत घेऊन संडासात ओतणं पाप नाही का? उन्हाळ्यात तू घागर घेऊन नळापुढं बसली होतीस, ते विसरलीस.

वास येतो, हे खरं. तळघरातून येतो, पावसात तळ्यावरूनही येतो. पण खिडक्या बंद केल्या की संपला. तुझ्या कोपऱ्याला खिडकी आहे का बंद करायला?

मी सांगतो जागा वाईट कशानं होते. घाणीनं नाही, शिस्त नसल्यानं. इथं असोसिएशन आहे. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. सकाळी माणसं येऊन दारातून डबे नेतात, आपल्याला दिसतही नाहीत. कबुतरं बसू नयेत म्हणून सगळ्या बाल्कन्यांना जाळ्या आहेत. कुणी कुणाच्या दारात काही टाकत नाही. वर्ष झालं, शेजारच्या दारातून मोठा आवाज ऐकला नाही. तुमच्याकडं खालच्या नागराजचं कापायचं यंत्र सुरू झालं की कपाटातल्या वाट्या वाजतात.

उत्तर दे. गिरी विचारत होता.

मधू


चामराजपेट, ३ सप्टेंबर

चि. मधूस आशीर्वाद.

गौरी उठल्या, म्हणून आता बसले लिहायला. शेजारचा मोठा आवाज वर्षभर ऐकला नाहीस, हे तू मोठेपणा म्हणून लिहिलंस. मी दोनदा वाचलं. नागराजचं यंत्र एक दिवस वाजलं नाही तर मी खाली जाऊन बघते, तो बरा आहे ना. आणि मी सकाळी दार उघडलं नाही तर तो वर येतो, ‘अक्का, येनायितु?’, काय झालं, म्हणत. असो. तुझ्या शिस्तीपुढं हे स्वल्पच.

उत्तर देते, पण अट आहे. यंदा अंबूचा पहिला पितृपक्ष. बिचारी कुंकवासकट गेली, म्हणून अविधवा नवमीला तिचं पान व्हायला हवं. ते पान मी तुझ्याकडं येऊन करते. स्वयंपाक इथूनच डब्यात घालून आणेन, उडदाचे वडे, खीर, गवारीची भाजी, तिला आवडायचं ते. सौम्याला सांग, धावपळ करू नको. तू फक्त अंघोळ करून बस. कावळ्यानं घास घेतला की मी तुला तिथंच माझं उत्तर सांगते.

खरं सांगते मधू, माझा निम्मा विचार यायचाच होत चालला आहे. काल जिन्यात मला चक्कर आली. उठून बसले तेव्हा ढिगाच्या वासानं भडभडून ओकले. सत्तरी उलटली, हे असं किती दिवस चालायचं? अंबू गेली त्या सकाळी मी ऑटोतून तुमच्याकडं पोचेपर्यंत तिला खाली आणून गाडीत घातलं होतं. तिच्या घरातून तिला निघताना मला बघता आलं नाही, ते मनाला लागून आहे. निदान तिच्या घरात बसून तिचं पान करू दे.

सोयरक्का


हेब्बाळ, २७ सप्टेंबर

ती. सोयरक्कास,

नवमी होऊन बरेच दिवस झाले, तुझं पत्र नाही. नागराजला फोन केला, तो म्हणाला, अक्का बऱ्या आहेत, रागात आहेत.

काय झालं? गिरी तुला पान ठेवायला बागेत घेऊन गेला. तुम्ही परत वर आलात तेव्हा तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. डबा उचललास, जेवली नाहीस, पाणी घेतलं नाहीस आणि गेलीस. सौम्या रडते आहे. तिला वाटतं ती काही चुकीचं बोलली. त्या वॉचमननं तुला स्वयंपाकीण समजून मागच्या लिफ्टकडं पाठवलं, हे गिरीला कळलं तेव्हा त्यानं खाली जाऊन त्याला झापलं. तो नवा आहे. नऊवारी नेसलेली, डबा घेतलेली बाई म्हणून चुकला. त्याचा एवढा राग धरू नये. तू मोठी आहेस.

आणि कावळ्याचं काय? आला होता का? मी वरून बघत होतो, पण झाडांमुळं दिसलं नाही.

दसरा आला. नागराजला मी काय सांगू?

मधू


चामराजपेट, ४ ऑक्टोबर

चि. मधूस,

सौम्याला आधी सांग, तिचं काही चुकलं नाही. पोर चांगली आहे. वॉचमनचाही राग नाही. मला कुणी स्वयंपाकीण समजलं तर काय झालं, मी स्वयंपाकच घेऊन आले होते.

पण त्यानं ज्या लिफ्टकडं पाठवलं, त्यात मी चढले. तुमची पुढची लिफ्ट मी बघितली आहे, आरसा, अत्तराचा वास, गुळगुळीत फरशी. ही मागची. आत पाय ठेवला आणि चप्पल चिकटली. पत्रा मारलेल्या भिंती, खाली कसलं तरी काळं पाणी, आणि ओल्या कचऱ्याची चार निळी पिंपं, झाकणं न बसलेली. उष्टं, माशांची खवलं, कालवलेला सडका भात. कचरा दारातून नेतात आणि दिसतही नाही असं तू कौतुकानं लिहिलं होतंस. तो असा जातो. अंबूचं पान माझ्या हातात, मी ते छातीशी धरून उभी राहिले, त्याला वास लागू नये म्हणून.

आत झाडूवाली होती, मला बोलकी वाटली. कुठं जायचं, म्हणाली. मी गिरीचं नाव सांगितलं. तर म्हणते, ‘ओ, आ अम्मा मने? पाप.’ म्हणजे त्या अम्मांचं घर का, बिचाऱ्या. ‘मागच्या वर्षी त्यांना ह्यातूनच खाली नेलं.’ मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. तिला म्हटलं, जोरात सांग. तिनं जोरात सांगितलं. असोसिएशनचा नियम, मयत पुढच्या लिफ्टनं न्यायचं नाही, लोकांना बरं वाटत नाही. सकाळी पिंपं उतरवायची वेळ होती. ती म्हणाली, पिंपं आधी जाऊ देत, मग अम्माला न्या. सुपरवायझर म्हणाला, दोन खेपा कशाला, एकदमच जाऊ दे.

एकदमच. मधू, आपल्या अंबूला तुम्ही पिंपांबरोबर खाली नेलंत. एकवीस वर्षांची ह्या घरात आली तेव्हा उंबऱ्यावर माप ओलांडून आली होती. तिला जायला उंबरा नाही, माप नाही, काळ्या पाण्यातून स्ट्रेचर ढकलत गेली. मी आयुष्यभर ढिगाशेजारी राहिले, पण मला जशी किळस त्या लिफ्टमध्ये आली तशी कधी आली नाही. आणि ती पिंपांची नव्हती.

तू आत होतास, हे मला झाडूवालीनं सांगितलं नाही. मी वर आले तेव्हा कळलं. दारातल्या फडताळात तुझ्या चपला होत्या. त्यांच्यावर बोट फिरवलं तर धुळीत रेघ उठली. तळ्याच्या काठी रोज फिरणाऱ्याच्या चपला. मी दारात उभी राहिले आणि तुझी सगळी पत्रं मला नव्यानं कळली. रक्त तपासायला माणूस घरी येतो. बायकोच्या श्राद्धाला गुडघे दुखतात. तळं तू खिडकीतून बघतोस. त्या सकाळनंतर तू खाली उतरलाच नाहीस ना? मग मला कशाला बोलावत होतास? एकट्याला भीती वाटते म्हणून?

कावळ्याचं विचारलंस. बाल्कनीला जाळी, गच्चीला कुलूप, म्हणून गिरीनं मला बागेत नेलं. पान ठेवलं. एक पाखरू नाही. बसून बसून माझ्या पायांना मुंग्या आल्या. एक पोरगा आला, हातात वॉकीटॉकी, म्हणाला, आंटी, इथं पक्ष्यांना खाणं घालायला बंदी आहे. गिरी त्याच्याशी इंग्रजीत भांडायला लागला. मी पान उचललं, डब्यात भरलं आणि घरी आणलं. दोन बसा बदलून.

गच्चीवर ठेवायला वाकले, तोवर तीन कावळे. हातातनंच एकानं वडा ओढला. तेव्हा मी रडले. पण लगेच हात जोडून बसले, असं समजू नकोस. तोच कावळा वडा गिळून ढिगावर उतरला आणि मेलेल्या घुशीचं पोट फोडायला लागला. तुझ्या बायकोचा घास आणि घुशीची आतडी एकाच चोचीत. त्या ढिगामुळंच इथं कावळे आहेत आणि तुमच्याकडं नाहीत, हे मला कळत नाही असं नाही. कळतं आणि आवडत नाही.

नागराजला सांग, वरचा मजला मिळणार नाही. मला तुमच्याकडं यायचं नाही. वासानं जागा वाईट होते की शिस्त नसल्यानं, हा वाद तू जिंकलास असं समज. मला फक्त एवढंच ठाऊक, जिथं मेलेल्या माणसाला कुणी दोन खेपा देत नाही तिथं मी मरणार नाही.

सोयरक्का


हेब्बाळ, १२ ऑक्टोबर

ती. सोयरक्कास,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी ते उशीखाली ठेवलं. गिरीला दाखवलं नाही.

मी आत होतो. गिरी आणि दोन माणसं स्ट्रेचर धरून, मी तिच्या डोक्याशी. एका पिंपाचं झाकण लिफ्ट हलली तसं घसरलं, तर मी ते हातानं दाबून धरलं. एका हातानं झाकण, एका हातानं अंबूचं डोकं. चौदा मजले. मी थांबवा म्हणायला हवं होतं. पण सगळे इतके शांत होते, अक्का, इतकं सभ्यपणे चाललं होतं सगळं. सुपरवायझर मला सर म्हणत होता. शेजारच्या दारातल्यांनी मोबाइलवर हात जोडलेलं चित्र पाठवलं. ओरडायला कुठं जागाच नव्हती.

त्या दिवसानंतर मी जेवणाआधी हात साबणानं धुतो आणि वास घेऊन बघतो. अजून. सौम्याला वाटतं वयामुळं.

एकटा राहायला भितो म्हणून तुला बोलावत होतो, हे खरं. पण आणखीही होतं. तू इथं आलीस, इथं रमलीस, तर अंबूला इथं आणून मी चूक केली नाही असं झालं असतं. तिला ते घर सोडायचं नव्हतं. ढिगाचा वास येतो म्हणून मीच हट्टानं काढलं तिला तिथून.

काल सकाळी मी खाली उतरलो. चपला पुसल्या, पुढच्या लिफ्टनं उतरलो. आरशात बघवलं नाही. वॉचमननं मला अडवलं, विचारलं, कुणाकडं आलात? इथंच राहतो म्हटलं, त्याला पटेना. गिरीला फोन लावून खात्री केली त्यानं. गेटाबाहेर रस्त्यावर एकटा उभा राहिलो, मग तळ्यापर्यंत गेलो. ते पाणी वरून चांगलं दिसतं. जवळ गेलं की हिरवा तवंग, आणि असा दर्प की मी रुमाल लावून परत फिरलो. वर्षभर तुला ज्याचं कौतुक सांगितलं ते हे.

गिरीशी काल रात्री बोललो. त्याला वाईट वाटलं, पण अडवलं नाही. दिवाळीच्या आधी मी येतो, कपडे आणि अंबूचा फोटो एवढं घेऊन. मागली खोली मला चालेल. घूस चालेल, नागराजचं यंत्र चालेल, तुझं बोलणंही चालवून घेईन.

एकच मागणं आहे, ते आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे तुला ऐकू आलं नाही असं होणार नाही. माझी वेळ येईल तेव्हा दारापुढं तो ढीग असेल, हे मला ठाऊक आहे. त्याला वळसा घालून न्या. पण मला पुढच्या दारानं न्या.

मधू


चामराजपेट, १६ ऑक्टोबर

चि. मधूस आशीर्वाद.

ये. खोली झाडली आहे.

वळसा घालायला जागा उरलेली नाही. काल कुणीतरी ढिगावर अख्खी ओली गादी टाकून गेलंय, त्याखाली माझा व्यंकटरमण दबला आहे. पालिकेला सांगून झालं, ऑटोवाल्याला सांगून झालं, देवांना कुणी हात लावत नाही आणि देवांखालच्याला कुणी विचारत नाही. तेव्हा आल्या आल्या चहा वगैरे काही मागू नकोस. नाकाला बांधायला जुनं धोतर काढून ठेवलं आहे, नागराज हातगाडी देतो म्हणाला आहे.

देव मी उचलते, गादी तू उचल. मरायचं मग बघू.

सोयरक्का